पाळकाने जिंकलेला वाद

पाळकाचा आणि त्याच्या सासऱ्यांचा वाद जेवणाच्या टेबलावर सुरू झाला. तिथेच राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. सासरे स्वतः चर्चचे निवृत्त पाळक. बायको गेल्यापासून ते लेकीकडे राहायला आले होते. एका घरात दोन पाळक म्हणजे एका खुर्चीवर दोघं बसल्यासारखं, असं पाळकाची बायको हसत हसत म्हणायची.

वादाचा विषय ठरलेला. माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कशाने होतं? नुसत्या विश्वासाने, की त्याच्या हातून काही घडावंही लागतं? जावई म्हणे, विश्वासाने, आणि पूर्णविराम. त्यावर सासरे म्हणत, "पूर्णविराम तुम्ही दिलात, जावईबापू. मूळ लिखाणात विरामचिन्हंच नव्हती."

मंडळीतल्या तरुणांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी हट्टच धरला की हा वाद आमच्यासमोर होऊ द्या. मग एका शनिवारी संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या, दोन माइक लागले. उपासनेला कधी न दिसणारी माणसंसुद्धा त्या दिवशी पुढच्या रांगेत येऊन बसली.

सासरे आधी बोलले, सावकाश, गोष्ट सांगितल्यासारखे. ते म्हणाले, विश्वासाने तारण होतं असं एका प्रेषिताने लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर माणसं कोण होती ते बघा. बाहेरून आलेली माणसं. आधी आमचे नियम पाळा मगच आत या, असं त्यांना उंबऱ्यावरच सांगितलं जात होतं. त्यांच्यासाठी त्याने दार उघडलं. पुढे शेकडो वर्षांनी देवाची माफी विकायला निघाली, लोक भीतीने अर्धमेले झाले, तेव्हा पुन्हा त्याच वचनाने त्यांना श्वास घेता आला. पण दुसरा एक प्रेषित लिहितो की ज्या विश्वासातून काही घडत नाही तो मेलेला आहे. तो कुणाला लिहितो? आधीच आत येऊन आरामात बसलेल्यांना. उपाशी माणसाला देव तुझं भलं करो म्हणून वाटेला लावणाऱ्यांना. "दोन्ही वचनं खरी," सासरे म्हणाले, "आपण आज कुठे बसलोय, उंबऱ्यावर की आत, एवढंच ज्याने त्याने बघायचं."

मग पाळक उठला. बोलण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हताच, आणि त्या दिवशी तर तो नुसता पेटला होता. वाचणारा बदलला म्हणून वचन बदलत नाही, तो म्हणाला. आज बाबा म्हणतात हे वाक्य त्या काळातल्या माणसांसाठी होतं. उद्या कुणी म्हणेल, वधस्तंभही त्या काळातल्या माणसांसाठीच होता. मग तुमच्या-माझ्यासाठी उरलं काय? क्षमेला तुम्ही एक अट जोडा, बारीकशी, नखाएवढी, तरी ती क्षमा राहत नाही, मजुरी होते. "आणि मजुरीवर स्वर्गात जाणारा माणूस," तो हात उंचावून म्हणाला, "मला अजून भेटायचाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासऱ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

हॉल रिकामा होत असताना लिफ्टचा मेकॅनिक पाळकाच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. तिशीचा, दोन मुलींचा बाप. दर रविवारी यायचा, पण मागच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच निघून जायचा.

"आत येऊ का?"

"ये की. बस."

तो बसला नाही. आठवड्यापूर्वीच्या अपघाताबद्दल पाळकाला ठाऊक होतं; सगळ्यांनाच होतं. एका इमारतीत लिफ्टचं दार उघडलं, शिवणकाम करणाऱ्या एक बाई एक पाय बाहेर टाकतायत तोच लिफ्ट वर सरकली. ब्रेकने धरलंच नाही. बाई आपटल्या, पायाचं हाड मोडलं. त्या लिफ्टची देखभाल मेकॅनिक आणि त्याचे वस्ताद करायचे. वस्ताद म्हणजे या मंडळीच्या गायनपथकातले खर्जातल्या आवाजाचे. मेकॅनिकला हाताला धरून धंद्यात आणलं ते त्यांनीच.

"वस्तादांनी मला वर मशीनरूममध्ये पाठवलं होतं, ब्रेक बघायला," मेकॅनिक म्हणाला. "मी वर गेलो आणि फोनवर भावाशी भांडत बसलो. खाली आल्यावर त्यांनी विचारलं, बघितलास? म्हटलं, बघितला. आणि परवा ऑफिसात चौकशी झाली तेव्हा म्हणालो, वस्तादांनी मला ब्रेक बघायला सांगितलंच नव्हतं."

पाळकाने दार लावून घेतलं. "हे या खोलीबाहेर जाणार नाही," त्याने आधी सांगितलं. मेकॅनिक मग खुर्चीत कोसळलाच. तोंड ओंजळीत धरून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मला झोप लागत नाही, मुलींकडे बघवत नाही, देव मला टाकून देईल का, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

उद्या ऑफिसात जाऊन खरं सांगशील का? हा प्रश्न पाळकाच्या अगदी ओठांवर आला होता, हे त्याला पुढे कधीच विसरता आलं नाही. पण कानात अजून टाळ्या होत्या. आत्ता याला अट घातली तर मघाशी हॉलमध्ये मी बोललो ते काय होतं? सासऱ्यांचाच मुद्दा मी स्वतःच्या खोलीत खरा करून दाखवायचा? त्याने प्रश्न गिळला.

"हे बघ," तो म्हणाला, "माफी तू काही करून मिळवू शकत नाहीस. मिळवावी लागतही नाही. ती तुझ्यासाठी आधीच मिळवून ठेवलीय. तू फक्त विश्वास ठेव."

मेकॅनिकने डोळे पुसले. "म्हणजे ऑफिसात जाऊन सांगावं लागणार नाही?"

"तारणासाठी? नाही."

सगळा भार पाळकाने 'तारणासाठी' या शब्दावर टाकला होता. मेकॅनिकने तो ऐकलाच नाही. त्याने 'नाही' ऐकलं. जाताना त्याने पाळकाचे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की पाळकाला वाटलं, आज आपल्या हातून खरंच काही तरी चांगलं झालं.

पुढच्याच आठवड्यात वस्तादांना कामावरून काढलं.

त्यानंतरच्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे लोक उठून आपला अनुभव सांगतात तेव्हा, मेकॅनिक कधी नव्हे तो पुढे आला. माझ्या मनावर फार मोठं ओझं होतं, प्रभूने ते उचललं, असं त्याने सांगितलं. कसलं ओझं ते काही बोलला नाही. लोकांचे डोळे पाणावले. गायनपथकात वस्ताद उभे होते, पण गाणं सुरू झालं तेव्हा त्यांचा आवाज लागेना. खर्ज नसला की गाणं कसं पायाखालची फळी काढल्यासारखं होतं, ते त्या दिवशी सगळ्यांच्याच लक्षात आलं. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक भाकरीचा तुकडा घेऊन वस्तादांपाशी आला आणि त्यांच्या पसरलेल्या तळहाताकडे त्याला बघवेना. त्या हाताच्या रेघांत ग्रीस मुरलेलं होतं. तुकडा ठेवताना त्याने मान दुसरीकडे वळवली. वस्तादांना वाटलं, पाळकसाहेबांना आपल्यासाठी वाईट वाटतंय. त्यांनी मान झुकवून आभार मानले.

सोमवारी तो वस्तादांच्या घरी गेला. न जाऊन सांगतो कुणाला? वस्ताद जमिनीवर वर्तमानपत्र पसरून नट पिळायचे पाने पुसत बसले होते. पुसलेलेच पुन्हा पुसत होते. त्यांच्या बायकोने चहा ठेवला.

"सकाळपासून हेच चाललंय," ती म्हणाली. "तुम्ही तरी सांगा त्यांना काही. प्रार्थना करा."

पाळकाने प्रार्थना केली. प्रभू, तू अंतःकरणं जाणतोस, निरपराध्याचा न्याय कर, असं म्हणाला. शब्द नेहमीसारखेच सुरेख आले, आणि त्याला स्वतःचीच किळस वाटली.

'आमेन' झाल्यावर वस्ताद हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, मी त्याला ब्रेक बघ म्हणालो होतो. नक्की म्हणालो होतो. पण तो पोरगा शपथेवर सांगतो की मी बोललोच नाही. तो खोटं कशाला बोलेल? माझ्या हाताखाली वाढलेला. आता मलाच शंका यायला लागलीय. रात्रंदिवस तेच डोक्यात. वय झालं का हो माझं? विसरायला लागलो का मी?"

पाळकाचा चहा तसाच राहिला. "नाही, नाही, असं काही नसतं," असं काहीतरी पुटपुटून तो उठला. भराभर जिना उतरला. नोकरी गेली ती गेलीच. पण हा माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेत बसलाय, आणि एका वाक्याने तो दूर करू शकणारा मी, चहा टाकून पळतोय.

घरी सासरे खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस.

"बाबा, एक विचारू? एखाद्याने पाप कबूल केलं, मी त्याला क्षमा सांगितली, आणि त्याने पुढे काहीच केलं नाही तर?"

"तर ते पाप त्याचं की तुझं, असं विचारतोयस का?" सासरे गंमत करायची नसली की जावयाला अरेतुरे करत.

पाळक खुर्ची ओढून समोर बसला.

सासऱ्यांनी वस्तरा खाली ठेवला. "त्या दिवशी तू जिंकलास, आणि बरोबरच जिंकलास. कृपेनेच होतं सगळं. माझं आयुष्य काय माझ्या कर्मावर चाललंय होय? माझं म्हणणं एवढंच होतं की ते वाक्य कुणाला सांगितलंय ते बघ. तुझ्याकडे आलेला माणूस दबलेला होता की पळणारा?"

 पाळक म्हणाला, "दोन्ही."

"मग त्याला दोन्ही वाक्यं लागत होती. तू एकच दिलंस. का?"

"कारण दुसरं तुमचं होतं."

 सासऱ्यांच्या गालावरचा फेस सुकून चालला होता. त्यांनी तो टॉवेलने पुसून टाकला आणि दाढी तशीच अर्धी ठेवून लेकीला चहा करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी पाळक मेकॅनिकला शोधत एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पोचला. आत मोटरची घरघर, तापलेल्या तेलाचा वास. मेकॅनिक ब्रेकपाशीच गुडघ्यांवर बसून काम करत होता. हल्ली तो प्रत्येक ब्रेक दोनदा बघायचा.

"तुला ऑफिसात जाऊन सांगायला हवं," पाळक म्हणाला. "वस्ताद स्वतःला वेडा समजायला लागलेत."

मेकॅनिकने मोटर बंद केली. एकदम शांतता झाली.

"तुम्ही नाही म्हणाला होतात."

"तारणासाठी नाही म्हणालो होतो."

"मला कुठे कळतात एवढे बारकावे, साहेब? तुम्ही माइकवर सांगितलंत, नखाएवढी अट लावली तरी ती क्षमा नव्हे. मी त्या वाक्यावर जगतोय. तेव्हा फुकट म्हणालात आणि आता मागून बिल पाठवताय?"

"माझी चूक झाली."

"कुठली? तेव्हाची की आत्ताची?"

 "क्षमा मिळाली आहे म्हणूनच तू जाऊ शकतोस," पाळक म्हणाला. "मिळावी म्हणून नव्हे. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

मेकॅनिक कितीतरी वेळ हातातलं फडकं पिळत राहिला. "नोकरी जाईल," तो म्हणाला. "पोलिसांतही जबाब द्यावा लागेल. पोरी आहेत मला." मग म्हणाला, "मला थोडा वेळ द्या."

थोडा वेळ. पाळकाने हे शब्द आजवर ढीगभर लोकांच्या तोंडून ऐकले होते आणि त्यांचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच निघाला होता. तो घरी आला. जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसला. पुढचा दिवस त्याने कसाबसा काढला. रस्त्यात वस्तादांची बायको दिसली तेव्हा तो चक्क औषधांच्या दुकानात शिरला आणि काहीच नको असताना खोकल्याची बाटली घेऊन बाहेर पडला. संध्याकाळ व्हायच्या आत त्याच्या सोसण्याचा अंत झाला. तो सरळ वस्तादांच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "वस्ताद, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही त्याला सांगितलं होतं. तुमचा काही दोष नाही."

वस्ताद बघत राहिले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

पाळक बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. हे ठाऊक असणारा माणूस जगात एकच होता, आणि तो पाळकाला काय म्हणून हे सांगेल ते कुणालाही कळलं असतं.

वस्तादांचा चेहरा आधी सैल झाला. आपलं डोकं शाबूत आहे, एवढ्यानेच त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"त्या शनिवारपासून."

"म्हणजे चौकशी चालू होती तेव्हापासून." वस्तादांनी चपला पायांत सरकवल्या. "आणि परवा इथे बसून तुम्ही प्रार्थना केलीत."

ते तडक मेकॅनिकच्या घरी गेले. जिन्यात उभं राहून त्या शांत माणसाने जो आवाज चढवला तो सगळ्या मजल्यांनी ऐकला. मेकॅनिकच्या मुली दाराच्या फटीतून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मेकॅनिकने सगळं कबूल केलं. वस्तादांना सन्मानाने परत घेतलं, मेकॅनिकला काढलं. पोलिसांत जबाब झाला. खटला उभा राहील की नाही ते अजून ठरत होतं.

म्हणजे जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं. पाळक स्वतःला हेच समजावत होता. हळूहळू त्याने बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "तुम्ही वस्तादांकडे गेलात ते वस्तादांसाठी की स्वतःसाठी?"

तो तिथेच थबकला. स्वतःसाठी. दुसरं काय? शांत झोप लागावी म्हणून. ज्या माणसाने भर हॉलमध्ये सांगितलं होतं की काही करून क्षमा विकत मिळत नाही, तोच आपल्या टोचणीचं देणं भागवायला धावत गेला होता, आणि त्यात खर्च केला तो दुसऱ्याचा विश्वास.

वस्ताद पुन्हा गाऊ लागले. पण उपासना संपल्यावर मुख्य दारात पाळक सगळ्यांशी हस्तांदोलन करायला उभा राही, तेव्हा ते बाजूच्या दाराने जात. मेकॅनिकची बायको मुलींना घेऊन येई आणि पाळकाकडे न बघता निघून जाई. तो स्वतः आलाच नाही. सासरे म्हणाले, "जा त्याच्याकडे."

"काय तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणारेस?"

मेकॅनिक बाजारातल्या एका दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत होता. दुकान म्हणजे जेमतेम एक फळी आणि मागे भिंत. पाळक समोर जाऊन उभा राहिला तेव्हा त्याने मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा मिक्सरच्या मोटरमध्ये डोकं घातलं.

"मी माफी मागायला आलोय," पाळक म्हणाला.

"मी जाणार होतो," मेकॅनिक वर न बघता म्हणाला. "बायकोला सगळं सांगितलं होतं. तिने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. वस्ताद आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होतो, माझा मी. वस्तादांच्या पाया पडणार होतो आधी. आयुष्यात पहिल्यांदा काही तरी नीट करणार होतो." त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "आणि तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत. आता जन्मभर मी पकडला गेलेला माणूस. कबूल केलेला नाही."

पाळकाच्या मनात आलं, हे खरं असेल? की माणूस मागाहून स्वतःची समजूत घालतो, तसं? आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की हे पडताळून बघायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

"मला क्षमा कर," तो म्हणाला. "मी त्याबदल्यात काय करू सांग. ऑफिसात बोलू? कुठे काम बघू तुझ्यासाठी? सगळ्यांसमोर सांगू का, की चूक माझी होती?"

"काही करू नका."

"काहीतरी तर—"

"नाही ना करायचं काही," मेकॅनिक वैतागून म्हणाला. "केली क्षमा. झालं?"

पाळक त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आवाजात राग होता, थकवा होता, टाळाटाळही असेल. नुसतं वाटेला लावायला म्हणतोय की मनापासून, काही कळेना. पुन्हा विचारावं असं त्याला फार वाटलं. पण विचारून काय मिळालं असतं? तेच शब्द.

एक बाई बंद पडलेला टेबलफॅन घेऊन आल्या. मेकॅनिकने तो उलटा करून बघितला, पातं बोटाने फिरवलं आणि म्हणाला, "बुश गेलंय, संध्याकाळी या." पाळक बाजूला सरकला. मग गर्दीत शिरून घराकडे चालू लागला. क्षमा मिळाली होती, निदान तसं सांगितलं तरी गेलं होतं. आणि आपल्याला ती घेता येत नाहीये, एवढंच त्याला पुरतं कळून चुकलं होतं.